राइडमधला आपला माणूस

बालाघाटच्या काली पुतली चौकात रविवारी पहाटे मोटारसायकली जमू लागल्या की एक परीक्षा सुरू होते. ती कुणी जाहीर केलेली नसते आणि तिचा निकालही कुणी वाचून दाखवत नाही. नवी गाडी येऊन स्टँडवर लागते. आधीपासून उभे असलेल्यांचे डोळे पहिल्यांदा तिच्या टाकीवर जातात, तिथून सायलेन्सरवर, मग हेल्मेटवर, बुटांवर आणि सगळ्यात शेवटी नंबर प्लेटवर. एमपी-५० म्हणजे इथलाच. एमएच-३५ म्हणजे गोंदियाहून बाघ नदीचा पूल ओलांडून आलेला. एमएच-३६ भंडाऱ्याची, एमपी-२२ सिवनीची, एमएच-३१ किंवा ४९ म्हणजे नागपूरकर, अंधारातच निघालेला. मग हात मिळवणं होतं आणि प्रश्न येतो : "लडाख झालं का?"

त्या दिवशीची राइड रक्तदानासाठी होती. बैहर रस्त्यानं घाटाच्या पायथ्यापर्यंत जायचं, परत यायचं आणि शहरातल्या शिबिरात रक्त द्यायचं, असा बेत. हिमालयन होत्या, इंटरसेप्टर होत्या, क्लासिक आणि बुलेट तर होत्याच. त्यांच्यात एक स्प्लेंडर येऊन उभी राहिली. चालवणारे किरनापूरकडचे शिक्षक. अंगात हातानं विणलेला स्वेटर, डोक्यावर आयएसआय मार्कचं साधं हेल्मेट आणि त्याचा पट्टा नीट आवळलेला. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. उलट आदरानं सांगितलं, "मास्तरजी, तुम्ही सगळ्यांत मागं राहा, आरामात या." मास्तरांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "मागं तं मागं. कागदावर नाव चढलं ना माझं, तेवढं पाहून घ्या जी."

मी कागद पाहिला. नाव, गाव, गाडी, सीसी, मोबाइल, रक्तगट असे रकाने होते. सीसीच्या रकान्यात ३५०, ४११, ६५० हे आकडे ठसठशीत लिहिलेले आणि मास्तरांच्या नावापुढं बारीक अक्षरात १००.

अंकाचा विषय 'आपलं कोण?' असा ठरल्याचं संपादकांनी कळवलं तेव्हा माझ्या डोक्यात जात, भाषा, गाव असंच काहीबाही आलं होतं. मोटारसायकलवाले सुचले ते बालाघाटमुळं. धर्मादाय राइडमध्ये माणूस दोन कामांसाठी येतो, गाडी चालवायला आणि कुणाच्या तरी उपयोगी पडायला. या दोन्हींत खरा कोण आणि नुसता मिरवणारा कोण, हे ठरवण्याची घाई तिथं जमलेल्या प्रत्येकाला असते. ती घाई कशी चालते, तिच्यात कोण बाहेर पडतो आणि ज्याच्या नावानं राइड निघाली त्या कामाचं पुढं काय होतं, हे मला जवळून बघायचं होतं.

नदी मधोमध

बालाघाट हा सरहद्दीचा जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. माणसांची ये-जा काही त्यामुळं थांबली नाही. सोयरिकी दोन्हीकडं आहेत, दवाखान्यासाठी लोक गोंदिया-नागपूर गाठतात, धानाच्या बांध्या नदीच्या दोन्ही काठांना सारख्याच दिसतात. एकाच घरात पोवारी, हिंदी आणि मराठी बोलली जाते. राजेगावच्या पुलावर राज्य बदलतं तेव्हा मोटारसायकलवाल्याला पाटीवरूनच काय ते कळतं.

त्यामुळं चौकात नंबर प्लेट वाचली जाते ती तंटा काढायला नव्हे. एमएच-३५वाल्याला इथं कुणी परका मानत नाही. प्लेट फक्त किती लांबून आला ते सांगते आणि लांबून आलेल्याला मान मिळतो. नागपूरचा पोरगा दीडशेहून अधिक किलोमीटर तोडून आलेला, म्हणून त्याला पुढची जागा. किरनापूरचे मास्तर जवळचे, म्हणून मागची. जिथं भाषेची आणि राज्याची सरहद्द कुणी मनावर घेत नाही, तिथं टाकीच्या आकाराची सरहद्द इतकी पक्की कशी झाली, हा प्रश्न मला तिथंच पडला.

बिल्ले आणि सूट

ही सरहद्द आली बाहेरून. १९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर नावाच्या लहानशा गावात मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरला, गावाच्या आवाक्याबाहेरची गर्दी झाली, दारू आणि दंगा झाला. 'लाइफ' साप्ताहिकात बियरच्या बाटल्यांच्या ढिगात मोटारसायकलवर रेललेल्या माणसाचा फोटो छापून आला आणि बायकर म्हणजे गुंड ही प्रतिमा जगभर गेली. नव्व्याण्णव टक्के मोटारसायकलवाले सभ्य आहेत, असं तिथल्या मोटारसायकल संघटनेनं त्या वेळी म्हटल्याची कथा सांगितली जाते. असं काही म्हटल्याची नोंद आपल्याकडं नाही, असं त्या संघटनेनंच पुढं सांगितलं. पण उरलेला एक टक्का आम्हीच, असा बिल्ला काही टोळ्यांनी जॅकेटवर शिवला तो कायमचा. त्या जगात बिल्ला मिळवावा लागतो. नवखा आधी नुसता सोबत हिंडतो, मग उमेदवार होतो, सगळ्यांनी होकार दिला की पाठीवर पूर्ण बिल्ला चढतो. न मिळवता तो लावला तर मारामारीवर प्रकरण जातं. आणि याच टोळ्या नाताळाच्या सुमाराला अनाथ मुलांसाठी खेळणी गोळा करत गाड्यांचा ताफाही काढतात.

आपल्याकडच्या क्लबांनी यातला दंगा घेतला नाही, ही चांगली गोष्ट. बिल्ला मात्र घेतला. जॅकेटच्या पाठीवर क्लबचं नाव, खाली शहराचं नाव, छातीवर हुद्दा : लीड, मार्शल, स्वीप. एवढ्यावर थांबलं तर त्यात गैर काही नाही. गर्दीत कुणाचं ऐकायचं हे कळतं.

दुसरी परंपरा बरोबर उलट टोकाची आहे. सिडनीच्या मार्क हॉवा यांनी २०१२ मध्ये 'डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड' सुरू केली. 'मॅड मेन' मालिकेतला डॉन ड्रेपर सूट घालून जुन्या धर्तीच्या मोटारसायकलवर बसलाय, अशा एका चित्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. पहिल्याच वर्षी ६४ शहरांत अडीच हजारांवर लोक सूट-टाय घालून निघाले. पुढं ही राइड पुरुषांमधल्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आणि मानसिक आरोग्यासाठी निधी गोळा करू लागली. मुंबई-पुण्यातही ती निघते, जोधपुरी कोट आणि फेटे घालून लोक येतात. इथं कुणाला घ्यायचं याचा नियम उघड लिहिलेला आहे : गाडी जुन्या, अभिजात वळणाची हवी. कॅफे रेसर चालेल, स्क्रॅम्बलर चालेल, जुनी स्कूटर चालेल. प्लॅस्टिकच्या आवरणाची रेसिंगची गाडी शक्यतो नको. शंका असेल तर त्या शहरातल्या यजमानानं ठरवायचं.

या नियमावर पुष्कळ जण चिडतात. कर्करोगाला गाडीचा आकार कळतो का, असं विचारतात. मला तो नियम समजू शकतो. बायकर म्हणजे गुंड ही हॉलिस्टरपासूनची प्रतिमा पुसायची, तर रस्त्यावर दिसणारं दृश्यच वेगळं हवं, इतका साधा हेतू त्यात आहे. तो हेतू लिहून ठेवलेला आहे आणि नियमही. काली पुतली चौकातली परीक्षा अशी कुठंच लिहिलेली नसते. त्यामुळं तिच्यावर कुणी आक्षेपही घेऊ शकत नाही आणि मास्तर मुकाट्यानं मागं जातात.

टाकीमागचा इतिहास

आमच्या भागात बुलेट फार दिवस पाटलाची, ठाणेदाराची आणि जंगल खात्याच्या साहेबाची गाडी होती. लष्कराच्या मागणीमुळं १९५५ मध्ये मद्रासला ती जोडली जाऊ लागली आणि तिच्यामागं तो दरारा कायम राहिला. दूधवाल्याची, ग्रामसेवकाची गाडी होती राजदूत, एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागं पेंडीचं पोतं आणि त्यावर माणूस, असा भार तिनं पावसाळ्याच्या चिखलातून वाहिला. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि नंतरची येझदी कॉलेजच्या पोरांची. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लूना आली आणि कारकून, शिक्षिका, परिचारिका पहिल्यांदा स्वतःच्या वाहनावर बसल्या. १९९४ ची स्प्लेंडर या सगळ्यांची वारसदार.

आज राजदूत नीट करून राइडला आणली तर तिच्याभोवती घोळका जमतो, फोटो निघतात. तीच राजदूत ज्या कामाला जायची, ते काम आता करणारी स्प्लेंडर मात्र कुणाला दिसत नाही. मला हे खटकतं. जुनं झालं की मान आणि चालू असलं की दुर्लक्ष, असा हिशेब त्यात आहे.

राहिला अनुभवाचा मुद्दा. लांब पल्ल्याची कसोटी पाहणारी अमेरिकेतली 'आयर्न बट असोसिएशन' आपल्याकडच्या रायडरांनाही चांगली ठाऊक आहे. तिची पहिली पायरी 'सॅडलसोर' : २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर. तिथं तोंडी दावा चालत नाही. वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाची पावती लागते आणि तिच्यावर वेळ, तारीख, ठिकाण असावं लागतं. पावत्या जुळल्या तरच प्रमाणपत्र. ही परीक्षा मला आवडते, कारण ती कुणाच्या बुटांकडं बघत नाही. कोणत्याही गाडीवर देता येते.

पण तिच्याच हिशेबानं बैहर रस्त्याकडं बघू. हा रस्ता सातपुड्यात चढतो, उकव्याच्या मँगनीजच्या खाणीजवळून बैहरला जातो, तिथून पुढं एकीकडं मलाजखंडची तांब्याची खाण आणि दुसरीकडं कान्हाचं जंगल. बैगा आणि गोंड वस्त्या आत आत पसरलेल्या. तिथल्या आरोग्य उपकेंद्रावर, शाळेत, बँकेच्या कामाला रोज दुचाकीवर जाणारी माणसं आहेत. जायला चाळीस, यायला चाळीस किलोमीटर धरले आणि महिन्याचे पंचवीस दिवस, तर वर्षाचे चोवीस हजार होतात. घाट, धुकं, पावसात वाहणारे नाले आणि मध्येच रस्त्यावर आलेलं जनावर, हे सगळं धरून. यातल्या एकालाही आपण रायडर आहोत असं वाटत नाही. त्यांना कुणी म्हणत नाही, म्हणूनच.

पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात करीमुल हक नावाचे चहामळ्यातले कामगार आहेत. १९९५ मध्ये रुग्णवाहिका मिळाली नाही म्हणून त्यांची आई गेली. पुढं त्यांनी आपल्या मोटारसायकलवरून आजारी माणसांना दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. हजारो जणांना नेलं. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं मुंबईत मोटारबाइक रुग्णवाहिका सुरू केल्या. छत्तीसगडच्या नारायणपूरकडं, जिथं जीप पोहोचत नाही, तिथं मोटारसायकलला बाजूची गाडी जोडून बाळंतिणींना आणतात. १८ जानेवारी २०२१ ला केंद्रीय राखीव पोलीस दलात 'रक्षिता' नावाच्या २१ मोटारबाइक रुग्णवाहिका दाखल झाल्या, रॉयल एनफिल्डच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवर बांधलेल्या, नक्षलग्रस्त जंगलात जखमी जवानाला बाहेर काढण्यासाठी. तीच टाकी, जी चौकात मानाची असते. जंगलात तिचा उपयोग काय, हे तिथं ठरलं.

रांगेतली जागा

एका बाबतीत मी निवड करणाऱ्यांच्या पूर्ण बाजूनं आहे. हेल्मेट नसेल त्याला राइडमध्ये घेऊ नये, तो कुणीही असो, पाहुणा म्हणून बोलावलेला पुढारीही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे. पन्नास हजारांवर लोकांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं आणि त्यांतले चौदा हजारांवर मागं बसलेले. बालाघाटच्या त्या राइडमध्ये दोघांना हेल्मेट नाही म्हणून परत पाठवलं, त्यातला एक बड्या गाडीवरचा होता. कुणी कुरकुर केली नाही. ही निवड धडधडीत योग्य होती.

मास्तरांची जागा मात्र चुकली होती आणि ती राइडच्याच शास्त्रानं चुकली होती. गटानं चालवताना सगळ्यांत पुढं लीड असतो, सगळ्यांत मागं स्वीप. मधले आडवेतिडवे, म्हणजे एक डाव्या अंगाला, पुढचा उजव्या अंगाला, असे चालतात, म्हणजे ब्रेक लावायला जागा मिळते. वळणांवर सगळे एकेरी होतात. पुढच्यानं थोडा वेग वाढवला की मागच्याला अंतर भरून काढायला त्याहून जास्त वाढवावा लागतो, त्याच्या मागच्याला आणखी जास्त. ताफा लांब असेल तर लीड साठनं चालला तरी शेपटाकडच्याला कधी ऐंशी गाठावे लागतात आणि लगेच ब्रेक दाबावा लागतो. म्हणून जाणते मार्शल सगळ्यांत कमी ताकदीची गाडी आणि सगळ्यांत नवा चालक लीडच्या लगेच मागं ठेवतात. वेग तो ठरवतो, बाकीचे त्याच्यामागं. अनुभवी माणसं आणि मोठ्या गाड्या शेवटाकडं, कारण त्यांना अंतर भरता येतं.

काली पुतली चौकात झालं याच्या उलट. शहराबाहेर पडताच ताफा ताणला गेला. स्प्लेंडर मागं पडत गेली, मध्ये एक ट्रक आणि दोन ट्रॅक्टर शिरले. स्वीपवर असलेला पोरगा समजूतदार होता, तो मास्तरांच्या मागं चिकटून राहिला. पुढचे सगळे घाटाच्या पायथ्याशी पोहोचून फोटो काढत उभे होते तेव्हा हे दोघं आले. परतताना त्याच पोरानं लीडशी दोन शब्द बोलून मास्तरांना दुसऱ्या नंबरवर घेतलं आणि सगळा ताफा एकसंध बालाघाटात शिरला. त्याचं कुणी कौतुक केलं नाही, कारण ताफा तुटला नाही तर दिसण्यासारखं काही घडतच नाही.

ताफ्यात गोंदियाची एक तरुणी होती, स्वतःच्या बुलेटवर. तिला चौकात जे प्रश्न विचारले गेले ते कुठल्याही पुरुषाला विचारले नाहीत : गाडी स्वतःची का, स्टँडवर घेता येते का, घरून परवानगी आहे का. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो दर वर्षी सगळीकडं फिरतात आणि खाली तेच लिहिलेलं असतं, की फोटोपुरत्या बसल्या असतील. २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'बायकरनी' हा फक्त स्त्रियांचा गट उभा केला तो अशाच प्रश्नांना कंटाळून, असं मला वाटतं. या मुलीनं सगळ्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं दिली. नंतर मला एवढंच म्हणाली, "दादा, मागं बसून आली असती तर यातलं एकबी विचारलं नसतं."

मोरचुदाच्या पाण्यातला थेंब

शिबिरातली परीक्षा वेगळी. एका काचेच्या भांड्यात निळंशार पाणी असतं, मोरचुदाचं. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब त्यात सोडतात. तो पंधरा सेकंदांच्या आत तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमच्या वर आहे असं धरतात. तरंगत राहिला किंवा वर आला, तर परत. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि हा जिल्हा मलाजखंडच्या तांब्याचा. टेबलाशी वाकून सगळे त्या थेंबाकडं बघत होते. इथं लडाख विचारत नाहीत.

वय अठरा ते पासष्ट. वजन निदान ४५ किलो. पुरुषानं दिल्यावर ९० दिवस थांबायचं, स्त्रीनं १२०. उपाशी नको, जागरण नको. बुलेटवाल्या मुलीचा थेंब वरच राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. इतकी मोठी संख्या या एका टेबलापाशी गळते. तिचा चेहरा पडला. सकाळी तिनं सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, याला तिच्याकडं उत्तर नव्हतं. टेबलामागच्या बाईंनी लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी या म्हणून सांगितलं.

नागपूरहून आलेल्या साडेसहाशे सीसीवाल्यानं रक्त दिलंच नाही. तो बाहेर गाडीपाशी चहा पीत उभा राहिला आणि आत कुजबुज झाली, की हा फोटोपुरता आला. मीही गेलो विचारायला. त्याला संध्याकाळी दीडशे किलोमीटर परत चालवायचं होतं. रक्त आठवडाभर आधीच नागपुरात देऊन आलो, म्हणाला, आणि कार्ड दाखवलं.

तो बरोबर होता. दात्यांच्या निवडीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लांब पल्ल्याच्या वाहनचालकांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे, की त्यांनी पुढच्या कामाच्या आधीच्या चोवीस तासांत रक्त देऊ नये. साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिलिटर रक्त गेलं की शरीरातलं पाणी कमी होतं, उन्हात जॅकेट घालून तासभर बसलं की चक्कर येऊ शकते. खुर्चीत आली तर पाय वर करून झोपवतात. सत्तरच्या वेगात आली तर काय होईल, ते सांगायला नको. राइड आणि रक्तदान एकाच दिवशी, तेही राइड आधी आणि घरी परतणं नंतर, हा क्रमच मुळात चुकीचा आहे. पुष्कळ ठिकाणी हाच क्रम असतो, कारण जॅकेटमधल्या माणसाच्या हाताला सुई लावलेला फोटो चांगला येतो. माझं म्हणणं आयोजकांनी मनावर घ्यावं : ज्यानं त्यानं आपल्या गावात चार दिवस आधी रक्त द्यावं आणि राइडला फक्त कार्ड घेऊन यावं.

मास्तरांनीही दिलं नाही. त्यांचे नव्वद दिवस व्हायचे होते, मागच्या वेळेचे दोनच महिने झाले होते. मग आलात कशाला, असं एकानं सरळच विचारलं. मास्तर म्हणाले, "मले गाडी चालवायची होती ना जी. एकट्यानं किती चालवू."

हे उत्तर मला फार आवडलं. सकाळपासून ज्यांच्यात रायडर कुणी पाहिला नाही, ते नुसतं चालवायला आले होते. ज्याला दिखाऊ ठरवलं तो रक्त देऊन आला होता. आपण जे पाहून ठरवतो त्यातून दोन्हींपैकी काहीच कळत नाही.

मंगळवारी रात्री

शिबिरात जमलेलं रक्त किती दिवस टिकतं, हे राइडच्या बॅनरवर कधी लिहिलेलं नसतं. लाल पेशी ३५ दिवस, वेगळ्या द्रावणात ठेवल्या तर ४२. प्लेटलेट पाचच दिवस. एका रविवारी ढीगभर पिशव्या आल्या आणि पुढचे दोन महिने कुणी आलं नाही, तर सहाव्या आठवड्यानंतर रक्तपेढीत पुन्हा रिकामी फडताळं. या भागात त्याचा त्रास जास्त, कारण गोंडवनाच्या या पट्ट्यात, बालाघाट-मंडल्यापासून गडचिरोलीपर्यंत, सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. पेशी कोयत्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, अंगात असह्य कळा येतात आणि काही मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली तीही मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून. अशा मुलाला रक्त लागतं ते रविवार बघून लागत नाही. मंगळवारी रात्री अकराला लागतं.

तिथं कोण येतो, ही खरी निवड. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट इतका विरळा, की त्या माणसाला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही. मे २०२४ मध्ये इंदूरला एका बाईला ते लागलं आणि शिर्डीहून त्या गटाचा एक दाता चारशेहून अधिक किलोमीटर जाऊन रक्त देऊन आला. तो गेला कारनं. कुठल्याच राइडमध्ये तो मोजला जाणार नाही.

रस्त्यावरही हेच. अपघात दिसला की थांबतो कोण? सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर खटला होत नाही, त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे मी राइडमधल्या बऱ्याच जणांना विचारलं. लडाखचे सगळे घाट तोंडपाठ असलेल्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक होतं. राइडच्या आधीच्या सूचनांत दहा मिनिटं फॉर्मेशनवर जातात, त्यातली दोन यावर द्यायला हवीत. ब्रिटनमध्ये 'ब्लड बाइक' चालवणारे स्वयंसेवक आहेत, रात्री रक्ताच्या पिशव्या एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणारे. त्यांच्यात सामील व्हायला बहुतेक ठिकाणी प्रगत चालकाची परीक्षा द्यावी लागते. तिथंही निवड कडक आहे, पण ती हातातल्या कामाला लागणाऱ्या कौशल्याची.

दुपारी शिबिर आवरताना बुलेटवाली मुलगी नोंदणीच्या टेबलावर बसली होती. स्वतः देता आलं नाही तर निदान यादी नीट करते म्हणाली. तिनं सकाळचा तो कागद घेतला, आयोजकांशी बोलली आणि नव्या वहीत तो उतरवताना सीसीचा रकाना सोडून दिला. त्या जागी तिनं दोन नवे रकाने आखले : शेवटचं रक्त कधी दिलं, आणि रात्री फोन आला तर कुठपर्यंत पोहोचता येईल. आयोजकांपैकी एकाला ते पटलं नाही. गाड्यांची माहिती प्रायोजकांना लागते, म्हणाला. थोडी वादावादी झाली. शेवटी प्रायोजकांसाठी जुना कागद ठेवायचा आणि रक्तपेढीसाठी नवी वही, असं ठरलं.

नव्या वहीत मास्तरांच्या नावापुढं किरनापूर ते बालाघाट, कधीही, असं लिहिलं गेलं. नागपूरवाल्यानं सांगितलं, की रात्री बालाघाटला पोहोचणं जमणार नाही, पण नागपुरात इथला पेशंट आला तर फोन करा. तेही तिनं लिहून घेतलं. मग प्रत्येकाच्या शेवटच्या तारखेत नव्वद दिवस मिळवून पुढची तारीख काढायला बसली, बायकांच्या नावांपुढं एकशेवीस.